सुपाची परीक्षा

पाकपुस्तकांतील सुपाला गुण द्यावयाचे, तर पहिल्या खेपेस तें लिहिल्या मापानेंच करावें; एरवीं परीक्षा पुस्तकाची न होतां आपल्या हाताची होते. फॅनी फार्मर यांनीं १८९६ सालच्या आपल्या बोस्टनच्या पाकपुस्तकांत पेला-चमचा सपाट भरण्याचा आग्रह धरला, तो उगीच नव्हे.

न्यू इंग्लंडचें चाउडर घ्या. खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या चरबींत कांदा परतावयाचा, मग बटाटा, तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचें मांस आणि शेवटीं दूध. खरी कसोटी येथेंच! दूध घातल्यावर खळखळून उकळलें, तर तें फाटण्याचा संभव. शिंपल्यांचें मांसही चिवट होतें. मॅनहॅटनकडे दुधाऐवजीं टोमॅटो घालतात. तें चाउडर मला उणें वाटत नाहीं. मात्र दोघांस एकाच मापानें जोखणें म्हणजे आमटीला कढीचे गुण देणें. आणि चव पाहावी ती किंचित् निवल्यावर. कढत सुपांत मीठ नीट कळत नाहीं.