बाजारभावांचे रकाने

पुणें-नाशिक हमरस्त्यावरील मंचर हें आंबेगांव तालुक्यांतील बाजारपेठेचें गांव. भोवतालच्या खेड्यांतील कांदा तेथील कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारांत येतो, आणि त्याचा भाव राज्याच्या कृषि पणन मंडळाच्या तक्त्यांतून कोणासही घरबसल्या पाहतां येतो. ज्याचा कांदा बराखींत पडून आहे त्याच्यापुढें प्रश्न एकच असतो : आज विकावा, कीं थांबावें? एका दिवसाच्या भावावरून त्याचें उत्तर मिळत नाहीं. मागील हंगामांतील भाव एकाखालीं एक मांडून पाहावे लागतात.

कांद्याच्या तक्त्यांत प्रत्येक ओळीस सात रकाने असतात : बाजार समिती, जात, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. हे तक्ते संगणकावर साध्या मजकुराच्या रूपानें साठविले म्हणजे रकान्यांमधील उभ्या रेघा नाहींशा होतात, आणि त्यांचें काम बहुधा स्वल्पविराम करतो. उदाहरणादाखल, आंकडे काल्पनिक धरून, एक ओळ अशी मानूं :

मंचर,लोकल,क्विंटल,300,800,1800,1400

अशा हजारों ओळींतून शेवटला रकाना तेवढा हातानें उतरून घेणें म्हणजे डोळ्यांस शीण, आणि चूक तर ठेवलेलीच. संगणकावर हेंच काम एका ओळीच्या लेखी आज्ञेनें होतें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 1969 मध्यें 'युनिक्स' प्रणालीचा आरंभ झाला. तिच्या परंपरेंतील संगणकांवर 'कट' नांवाची आज्ञा असते. तिला दोनच गोष्टी सांगावयाच्या : रकाने कोणत्या चिन्हानें विभागले आहेत, आणि कितवा रकाना हवा आहे. पहिलीसाठीं 'डी' व दुसरीसाठीं 'एफ' हें अक्षर, आधीं लहान आडवी रेघ देऊन, लिहितात. चिन्ह स्वल्पविराम आणि क्रमांक 7 दिला, कीं वरील ओळींतून 1400 तेवढे बाहेर येतात. मात्र 'कट' रकान्यांचा क्रम बदलीत नाहीं. सातवा आधीं व पहिला नंतर मागितला, तरी पहिलाच आधीं येतो.

तक्त्यांत सर्व बाजार समित्या एकत्र असतील तर 'ऑक' अधिक उपयोगी. आहो, वाइनबर्गर व कर्निघन या तिघांनीं ती 1977 मध्यें बेल प्रयोगशाळेंतच रचली, आणि त्यांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून तिचें नांव पडलें. तींत रकाना ओळखण्यास डॉलरचें चिन्ह व त्यापुढें क्रमांक लिहितात. पहिला रकाना 'मंचर' असेल तरच सातवा छापावा, अशी अटही तीस घालतां येते.

येथवर सर्व सोपें आहे. धोका पुढें आहे. कोणी दर 1800 व 1400 असे न लिहितां 1,800 व 1,400 असे लिहिले, तर आज्ञेस त्यांतील स्वल्पविरामही रकान्याची सीमाच वाटते. मग सहाव्या रकान्यांत नुसता 1 उरतो, आणि सातव्यांत 800 येतात. यंत्र तक्रार करीत नाहीं, आंकडाही अशक्य दिसत नाहीं. परंतु क्विंटलमागें 1400 मिळत असतां 800 मिळत होते, असा समज होऊन बसतो. अशा आंकड्यांवरून कांदा काढणाऱ्याचें नुकसान खरेंखुरें होईल.

यावर उपाय सोपा आहे. 'ऑक' प्रत्येक ओळीचे रकाने मोजते, आणि ती संख्या 'एन्‌एफ' या नांवानें मागतां येते. जेथें ती सात नसेल त्या ओळी आधीं छापून घ्याव्या, आणि मूळ तक्त्याशीं ताडून पाहाव्या. तक्ता साठवितांनाच स्वल्पविरामाऐवजीं 'टॅब' हें चिन्ह वापरलें, तर असा घोटाळा सहसा होत नाहीं. 'कट'ला वेगळें चिन्ह सांगितलें नाहीं तर ती टॅबच गृहीत धरते.

आतां रकाना कोणता काढावा, हें ठरविणें मात्र माणसाचें काम. सहावा रकाना मनास मोहवितो, परंतु कमाल दर त्या दिवशींच्या थोड्याशा निवडक मालासही मिळालेला असूं शकतो. आपल्या मालास काय मिळेल याचा अदमास सातव्यावरूनच अधिक बरा येतो. आणि त्याच्याशेजारीं चौथा, म्हणजे आवकेचा, रकाना मांडला कीं आवक वाढली असतां दर कितपत उतरला, हेंही ध्यानांत येतें. चौथा व सातवा असे दोन्ही क्रमांक स्वल्पविरामानें जोडून दिले, तर 'कट' ते एकाच वेळीं काढून देते.