विसाव्यात जेवणारे यंत्र

नांदेडहून निघालेली गोदावरी धर्माबादच्या परिसरातून तेलंगणात उतरते आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बासरच्या घाटाला लागते. घाटावरून पाहावे तर पाणी एकाच दिशेने, पोचमपाडच्या श्रीरामसागर धरणाकडे निघालेले. एकदा गेलेले पाणी त्याच पात्रातून माघारी येत नाही. रक्ताविषयीही माणसाची सुमारे दीड हजार वर्षे अशीच समजूत होती. रक्त यकृतात तयार होते, अंगभर पसरते आणि तिथेच खर्ची पडते, असे रोमन काळातला वैद्य गॅलन सांगून गेला होता.

इंग्लंडच्या विल्यम हार्वेने साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात ठोके किती पडतात? बेरीज अंगातल्या एकूण रक्ताच्या वर गेली. एवढे रक्त अन्नातून दर अर्ध्या तासाला नव्याने होणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. १६२८ साली त्याने हे छापून मांडले. धमन्यांना शिरांशी जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्याला कधीच दिसल्या नाहीत. त्या मार्चेल्लो माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, १६६१ साली. हार्वेला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

हे रक्त फिरवणारे हृदय मुठीएवढे, वजनाला साधारण ३०० ग्रॅम. त्याचे कप्पे चार: वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. अंगभरातून आलेले ऑक्सिजन कमी झालेले रक्त उजवीकडे उतरते आणि फुप्फुसांत जाते. तिथून ताजे होऊन डावीकडे येते आणि महाधमनीतून सर्वांगाला निघते. फुप्फुसे शेजारीच असल्याने उजव्या निलयाला फारसा जोर लागत नाही. डाव्याला मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत रक्त पोहोचवायचे असते, म्हणून त्याची भिंत उजव्याच्या जवळजवळ तिप्पट जाड. विसावलेल्या माणसाच्या हृदयातून मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर पडते. दिवसाला ७,००० लिटरहून जास्त.

डाव्या अलिंद-निलयांमधली झडप जवळून पाहण्यासारखी आहे. दोन पातळ, पांढुरक्या पाकळ्या. त्यांच्या कडांना बारीक, चिवट दोऱ्या. दोऱ्यांची दुसरी टोके निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंच्या खुंटांना जखडलेली. निलय आकुंचन पावले की रक्ताच्या दाबाने पाकळ्या मिटतात आणि दोऱ्या त्यांना वरच्या कप्प्यात उलटू देत नाहीत. डॉक्टर छातीला नळी लावून जे ‘लब-डब’ ऐकतात, ते झडपा मिटण्याच्या वेळचे आवाज.

ठोक्याचा हुकूम मेंदूकडून येत नाही. उजव्या अलिंदाच्या भिंतीत एक छोटी गाठ आहे, ती स्वतःच विजेचा स्पंद निर्माण करते. मज्जातंतू वेग कमीजास्त करतात, एवढेच. म्हणून तर तंतू तोडून दुसऱ्याच्या छातीत बसवलेले हृदयही चालते. १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊनला ते पहिल्यांदा घडले आणि अडीच महिन्यांतच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. पुढे १९९४ चा प्रत्यारोपण कायदा आला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांना यश आले.

हृदय जन्मभर विश्रांती घेत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते खरे नाही. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतो. त्यातले ०.३ सेकंद निलये आवळतात, ०.५ सेकंद सैल असतात. दिवसाचा जमाखर्च मांडला तर १५ तास विसावा! या विसाव्यातच निलये भरतात आणि हृदयाचे स्वतःचे पोषणही मुख्यतः याच वेळी होते. कारण डावे निलय आवळले की त्याच्या भिंतीतल्या वाहिन्याही दाबल्या जातात. नाडी जलद झाली की आधी कात्री लागते ती या विसाव्याला.

संधिवाताच्या तापाने झडप बिघडते, तेव्हा हीच गोष्ट जिवावर बेतते. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंची लागण होते, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच झडपांवर उलटते. पाकळ्या जाड होतात, कडेला चिकटतात. अरुंद वाटेने निलय भरायला जास्त वेळ लागतो. चढ चढताना किंवा गरोदरपणात नाडी वाढली की तो वेळ मिळत नाही, रक्त फुप्फुसांकडे तुंबते आणि धाप लागते. हा ताप मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना गाठतो. बासरच्या मंदिरात ज्ञान सरस्वतीपुढे नांदेडकडची आईबापे ज्यांना अक्षराभ्यासाला मांडीवर घेऊन बसतात, ती मुले लवकरच या वयात येतात.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: पेनिसिलिन. घसा दुखू लागला की डॉक्टरांना दाखवावा आणि बरे वाटले तरी त्यांनी दिलेले औषध अर्धवट सोडू नये. एकदा हा ताप येऊन गेला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी त्याचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. मूल हसतेखेळते दिसते म्हणून ते चुकवू नये. झडप वाचवण्याची वेळ धाप लागण्याआधीचीच असते.