वाघूरकाठचा चित्रकार

वरणगावहून हायवेनं निघालं की अर्ध्या तासाच्या आत भुसावळ येतं आणि तिथून जळगावच्या वाटेवर साकेगावजवळ वाघूर नदीचा पूल लागतो. पुलावरून जाताना खाली कुणी फारसं बघत नाही. पण हीच वाघूर अजिंठ्याच्या नालाकृती दरीतून, लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेत, खानदेशात उतरते आणि तापीला मिळते. लेण्यांतली चित्रं पहिल्यांदा कॅनव्हासवर उतरवणारा मेजर रॉबर्ट गिल याचा शेवटचा प्रवासही असाच डोंगरावरून भुसावळपर्यंत झाला. 1879 मध्ये तो भुसावळला वारला आणि तिथल्या युरोपीय दफनभूमीत त्याला पुरलं. गिलची प्रेयसी पारो, तिची अजिंठ्याच्या गावातली कबर आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे, गिलची कबर मात्र वरणगाव-भुसावळच्या पोरांनाही ठाऊक नसते. गिलला आपण प्रियकर म्हणून लक्षात ठेवलं, चित्रकार म्हणून नाही. खरं तर तो खानदेशच्या वेशीवरचा, आपलाच म्हणावा असा चित्रकार होता.

इतिहास थोडक्यात असा. 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला लेणी दिसली, 1843 मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या निबंधानं तिथली चित्रं नष्ट होत असल्याची हाक दिली आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारनं मद्रासच्या फौजेतल्या गिलला प्रती करायला धाडलं. तेव्हा तो चाळिशीचा होता. काम म्हणजे अंधाऱ्या, वटवाघळांनी भरलेल्या लेण्यांत उभं राहून मूळ आकाराची तैलचित्रं काढणं. अजिंठ्याची भिंत मोठी नाजूक. कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. ओल लागली किंवा माणसाचा हात फिरला, की पोपडा सुटतो. अशा भिंतीवर निम्मा चेहरा उरलेला असतो, बोटांची मुद्रा शाबूत असते आणि मनगट गेलेलं असतं. कुठली रेष मूळची आणि कुठला डाग काळाचा, हे प्रत करणाऱ्याला प्रत्येक वितीवर ठरवावं लागतं. हा निवाडा गिलनं वर्षानुवर्षं केला.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की नक्कल करणारा चित्रकार कसला? पण अजिंठ्यापुढे उभं राहून नक्कल करणं ही आपल्या आधुनिक चित्रकलेची एक शाळाच ठरली. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. स्कूलचे विद्यार्थी तिथे नेले, त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस आले. या वाटेवर पहिलं पाऊल गिलचं पडलं होतं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. त्याची चित्रं उरलीच कुठे? लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली त्याची बहुतेक चित्रं 1866 च्या आगीत जळाली, प्रदर्शनात नव्हती तेवढी मोजकी वाचली. हे खरंच आहे. पण एव्हाना गिलनं कॅमेरा हाती घेतला होता. फर्ग्युसनबरोबरचं त्याच्या छायाचित्रांचं पुस्तक 1864 मध्ये निघालं, आणि दीड शतकापूर्वी लेण्यांची अवस्था काय होती याची साक्ष त्या छायाचित्रांत आजही मिळते. आयुष्याची कमाई राख झाल्यावरही जो माणूस याच मुलखात राहिला, त्याचं मोल उरलेल्या चित्रांच्या संख्येवर ठरवू नये.

आता पारोबद्दल. तिच्या कबरीवरच्या दगडावर 1856 साल आहे, म्हणजे ती केवळ दंतकथा नव्हे. पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घ काव्यानं आणि 2012 मध्ये आलेल्या नितीन देसाई यांच्या चित्रपटानं ही कहाणी घरोघर पोचवली, आणि ती सुंदर आहे यात शंका नाही. तरी दोन गोष्टी विसरून चालणार नाही. कंपनीचा अंमलदार आणि डोंगरातली मुलगी हे नातं बरोबरीचं होतं का, हा प्रश्न प्रेमकथेच्या गोडव्यात बुडून जातो. आणि लोक सांगतात त्या गोष्टीतली पारो त्याच्या कामातलीही सोबतीण आहे. काम बाजूला सारलं, तर गिलबरोबर तीही अर्धीच उरते.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा. तो परका होता, साहेब होता, आणि अजिंठा तर निजामाच्या मुलखात, आजच्या मराठवाड्यात. मग खानदेशानं त्याला आपला का म्हणावं? याचं उत्तर वरणगावाइतकं चांगलं कोण देईल? 1964 मध्ये इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आली आणि तिच्याबरोबर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आली. कुणी तमिळ, कुणी बंगाली, कुणी उत्तरेकडचं. क्वार्टरमध्ये राहता राहता ती इथलीच झाली, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊ लागली. माणूस कुठे जन्मला यापेक्षा त्यानं हयात कुठे घालवली, यावर त्याचं गाव ठरतं, हे वरणगावला कुणी शिकवायला नको. सत्तेच्या बळावर आलेला साहेब आणि पोटासाठी आलेला कामगार यांत फरक आहे, तो पुसायचं कारण नाही. पण गिलच्या हयातीतली उणीपुरी पस्तीस वर्षं या डोंगराशी बांधलेली होती. आणि नदी काही जिल्ह्याची हद्द बघून वाहत नाही.

अजिंठ्याची सहल आपण लेण्यांपासून सुरू करतो आणि पारोच्या दगडाशी थांबतो. वरणगाव-भुसावळच्या शाळांनी ती भुसावळच्या दफनभूमीपासून सुरू करावी. मुलांना आधी त्याची छायाचित्रं दाखवावीत, मग वाघुरीचा पूल ओलांडून लेण्यांत न्यावं आणि त्यातली एखादी चौकट प्रत्यक्ष भिंतीशी पडताळून बघायला लावावी. दीडशे वर्षांत कुठला पोपडा गळाला, हे ज्या पोराच्या ध्यानात येईल, त्याला गिल काय करत होता हे वेगळं सांगावं लागणार नाही.