विश्लेषण : क्यूबिट किती, यापेक्षा ते किती वेळ ‘लयीत’ राहतात हे महत्त्वाचे का?

पुण्यातील ‘डीआरडीओ’ची क्वांटम प्रयोगशाळा आणि मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ६ क्यूबिटच्या अतिवाहक क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. देशाच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटचे संगणक उभारण्याचे आहे. बातम्यांमध्ये हे आकडे ठळकपणे येतात. मात्र क्वांटम संगणकाची खरी ताकद आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते. ती म्हणजे कोहेरन्स, अर्थात सुसंगती. ती प्रकाशातही असते आणि क्यूबिटमध्येही. ती आहे तरी काय?

सुसंगती म्हणजे नेमके काय?

गणेशोत्सवातील ढोल पथक आठवा. शंभर ढोल एका ठेक्यात वाजतात, तेव्हा प्रत्येक ठोका दणदणीत ऐकू येतो. तेच शंभर जण मनाला येईल तसे वाजवू लागले, तर नुसता गोंगाट होतो. लाटांचेही तसेच आहे. प्रत्येक लाट वर-खाली होते आणि एखाद्या क्षणी ती त्या चढउतारात कुठे आहे, याला तिची कला म्हणतात. दोन लाटांच्या कलांमधील फरक कायम राहिला, तर त्या सुसंगत. त्या एकाच क्षणी वर गेल्या पाहिजेत असे नाही. पथकातील एक रांग अर्धा ठोका मागे असली, पण शेवटपर्यंत तेवढीच मागे राहिली, तरी ती सुसंगतीच. फरक सतत बदलू लागला की सुसंगती संपली.

रोजच्या प्रकाशात ती दिसते का?

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंगीत पट्टे सर्वांनीच पाहिले आहेत. तेलाच्या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही रंग एकमेकांना बळ देतात, काही पुसले जातात. यालाच व्यतिकरण म्हणतात. मग खिडकीच्या काचेलाही दोन पृष्ठभाग असताना तिथे असे रंग का दिसत नाहीत? कारण साध्या पांढऱ्या प्रकाशाची लय जेमतेम मायक्रोमीटरभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या अंतरापुरतीच टिकते. तेलाचा थर तेवढा पातळ असतो. काच काही मिलिमीटर जाड असल्याने मागून परतलेली लाट येईपर्यंत पुढच्या लाटेची लय बदललेली असते.

लेझरमुळे काय बदलले?

दिव्यातील अणू आपापल्या वेळी प्रकाश सोडतात. लेझरमध्ये मात्र एका प्रकाशकणाच्या चिथावणीने दुसरा त्याच लयीत बाहेर पडतो. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून पहिला लेझर झोत मिळवला. आज विशेष स्थिर केलेल्या लेझरची सुसंगती कित्येक किलोमीटर टिकते. अमेरिकेतील ‘लायगो’ वेधशाळेने याच बळावर सप्टेंबर २०१५ मध्ये गुरुत्वीय लहर टिपली. तिच्या ४ किलोमीटरच्या भुजांमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी होता. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारण्यात येणारी लायगो-इंडिया वेधशाळाही याच तत्त्वावर चालणार आहे.

क्वांटम जगाशी याचा संबंध काय?

प्रकाशाच्या सुसंगतीचा क्वांटम सिद्धान्त १९६३ मध्ये रॉय ग्लॉबर यांनी मांडला. त्याच वर्षी ई. सी. जी. सुदर्शन यांनीही त्यात मोलाची भर घातली. केरळमध्ये जन्मलेल्या सुदर्शन यांनी सुरुवातीच्या काळात ‘टीआयएफआर’मध्ये संशोधन केले होते. ग्लॉबर यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले; आपल्याला डावलल्याची नाराजी सुदर्शन यांनी जाहीरपणे व्यक्त केली.

क्वांटम सिद्धान्तानुसार इलेक्ट्रॉन, अणू यांचेही वर्णन लाटांनीच होते. क्यूबिट एकाच वेळी ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेत असतो, हे आपण ऐकलेले असते. पण त्या दोन भागांमधील कलाफरक ठरलेला असणे हीच त्यातली मेख आहे. क्वांटम गणनेत चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना पुसतात आणि बरोबर उत्तराच्या लाटा बळकट होतात. कलाफरक हरवला, तर क्यूबिट आणि उडवलेले नाणे यांत फरक उरत नाही.

सुसंगती हरवते कशी?

आजूबाजूच्या जगाला क्यूबिटविषयी थोडी जरी ‘माहिती’ मिळाली, तरी ती हरवते. याचा सुंदर पुरावा व्हिएन्ना येथे मिळाला. तेथे १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या रेणूंचेही व्यतिकरण होते हे दिसले. पुढे २००४ मध्ये ७० कार्बन अणूंचे रेणू लेझरने तापवून सोडण्यात आले. ते जसजसे अधिक तापले, तसतसे व्यतिकरणाचे पट्टे पुसट होत गेले. रेणूंकडे कोणी पाहत नव्हते. पण तापलेल्या रेणूने सोडलेला प्रकाशच तो कोणत्या वाटेने गेला याची खबर बाहेर नेत होता.

म्हणूनच अतिवाहक क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या सुमारे शंभराव्या भागाइतक्या तापमानात ठेवावे लागतात. अंतराळाच्या पोकळीपेक्षाही हे कितीतरी थंड आहे.

प्रगती कुठवर आली?

जपानमध्ये १९९९ साली दाखवलेल्या अतिवाहक क्यूबिटची सुसंगती काही नॅनोसेकंदच टिकली. आज अनेक यंत्रांत ती शेकडो मायक्रोसेकंदांपर्यंत पोहोचली आहे आणि प्रयोगशाळांतील सर्वोत्तम क्यूबिटनी मिलिसेकंदाचा टप्पा ओलांडला आहे. एक क्रिया काही दशक नॅनोसेकंदांत होते. म्हणजे लय मोडण्याआधी हजारो क्रियांना वाव मिळतो. मात्र उपयुक्त गणनांसाठी त्याहून खूप अधिक क्रिया लागतात. त्यावर उपाय म्हणजे त्रुटीदुरुस्ती : अनेक क्यूबिट मिळून एका क्यूबिटची माहिती सांभाळतात. गूगलच्या १०५ क्यूबिटच्या ‘विलो’ चिपने २०२४ मध्ये दाखवले, की असा गट मोठा केल्यास चुका कमी होतात. पण क्यूबिट मुळातच पुरेसे टिकाऊ नसतील, तर गट वाढवल्याने चुका उलट वाढतात.

भारतासाठी याचा अर्थ काय?

राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर आहेत. सुसंगतीच्या नाजूकपणाचा उपयोगही होतो. क्षुल्लक चुंबकीय क्षेत्रानेही बदलणारी अवस्था उत्तम संवेदक ठरते. अशा क्वांटम संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र क्यूबिटचा आकडा एकटा पुरेसा नाही. पुढच्या वेळी मोठ्या क्यूबिट-संख्येची घोषणा होईल, तेव्हा त्यांची सुसंगती किती वेळ टिकते आणि तेवढ्या वेळात किती क्रिया बिनचूक होतात, हेही विचारावे लागेल.