चतुराची कात, भिंगाखाली

पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळ्याकाठच्या लव्हाळ्याला, भाताच्या पात्याला, विहिरीच्या आतल्या दगडाला मातकट रंगाची, पाठ उसवलेली एक कात चिकटलेली दिसते. डोकं, डोळे, सहा पाय सगळं जागच्या जागी, आत मात्र कोणी नाही. मेलेला किडा समजून माणसं पुढे जातात. थांबून जवळून पाहिलं, तर पाण्यात वाढलेला एक जीव हवेचा कसा झाला, त्याची जवळजवळ पूर्ण नोंद हाती लागते.

ती कोणाची, याचा पहिला अंदाज नुसत्या डोळ्यांनी येतो. झाडाच्या खोडावर, मातीने माखलेली आणि पुढचे पाय उकरण्यासाठी जाडजूड झालेली असेल, तर ती सिकाडाची. पाण्याजवळ असेल, अंग सडपातळ आणि शेपटीला तीन पानांसारखे कल्ले असतील, तर टाचणीची. अंग भरदार आणि शेपटीच्या टोकाला आखूड काट्यांचा झुबका असेल, तर चतुराची. कुठला चतुर, हे मात्र डोळ्यांना सांगता येत नाही. तिथे मॅक्रो लेन्स लागते.

मॅक्रोमध्ये वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते. एवढ्या जवळ गेलं की जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते. डोळा नीट दिसला तर मिशा धूसर होतात. म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढायचे आणि ते संगणकावर एकत्र जोडायचे. जिवंत कीटकाच्या बाबतीत हे काम फार कठीण, पण कात हलत नाही. फ्लॅशपुढे बटर पेपर धरला की चकाकी जाते. उजेड मागून सोडला की कातडी उजळते आणि पायांवरचा केसन् केस दिसू लागतो. चौकटीत मिलिमीटरची पट्टी ठेवायलाच हवी, कारण लांबी कळल्याशिवाय ओळख पटत नाही.

मला सगळ्यात थक्क करतो तो कातेचा खालचा ओठ. पाण्यातल्या पिल्लाचा हा ओठ बिजागरीने दुमडून डोक्याखाली, पुढच्या पायांमध्ये मिटलेला असतो. डासाची अळी किंवा बेडकाचं पिल्लू टप्प्यात आलं की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे झेपावतो, टोकाच्या जबड्यांनी भक्ष्य पकडतो आणि तोंडाशी आणतो. कातेत हे सगळं यंत्र शाबूत असतं. वाळून घट्ट मिटलेला ओठ कोमट पाण्यात भिजवला की हलक्या हाताने उघडता येतो, आणि ओळखीच्या खुणा तिथेच असतात. तो सपाट आहे की चेहरा झाकणारा खोलगट, त्याच्या कडेला दाते किती खोल, आतल्या बाजूला ताठ केस किती, हे सगळं फोटोत मोजायचं. मग मिशा पाहायच्या. गोम्फिडी कुळात त्या आखूड, जाड आणि चारच पेरांच्या असतात, तर बाकीच्या बहुतेक चतुरांत बारीक आणि सात पेरांच्या. शेवटी पोटाचे खंड मोजत जायचं आणि कुठल्या खंडाच्या पाठीवर किंवा कडेला काटा आहे, हे टिपायचं.

पाठीच्या फटीतून पांढरे धागे लोंबताना दिसतात. कोळ्याचं जाळं समजून ते काढून टाकू नयेत. कीटकाच्या शरीरभर पसरलेल्या श्वासनळ्यांचं हे आतलं अस्तर आहे! बाहेर पडताना चतुराने तेही आतून ओढून मागे सोडलं. डोळ्यावरचा पारदर्शक पापुद्राही तो सोडून जातो, आणि मोठ्या आवर्धनात त्यावर षट्कोनी भिंगांची जाळी दिसते. चतुराचं पिल्लू गुदाशयातल्या कल्ल्यांनी श्वास घेतं, आणि तिथलंच पाणी जोरात मागे फेकून पुढे झेप घेतं. त्या कल्ल्यांवरचा नाजूक थरही कातेबरोबरच सुटतो. म्हणजे कातेत प्राण्याचं बाहेरचं रूप तर आहेच, शिवाय त्याच्या आतल्या बऱ्याच भागांचा साचाही आहे.

आता एका कातेचं महत्त्व बघा. पावसाळ्यात आपल्याकडे थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स. भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून हे चतुर पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, अशी मांडणी चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली केली. असा प्रवासी तळ्यावर उडताना दिसला, तर तो कुठून आला हे सांगता येत नाही. पण आठव्या आणि नवव्या खंडांच्या कडांना लांब काटे, ओठाच्या कडेला खोल दाते अशी त्याची कात तिथल्या गवतावर मिळाली, तर तो याच पाण्यात वाढला, हे पक्कं होतं. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यातही त्याची वाढ काही आठवड्यांत पुरी होते. उडणारा चतुर पाहुणा असू शकतो. कात मात्र तिथल्याच रहिवाशाची असते. तळं बुजवायला निघालेल्यांपुढे ठेवण्यासाठी याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

एफ. सी. फ्रेझर यांचे भारतीय चतुर-टाचण्यांवरचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले, तरी आपल्या कित्येक जातींची पिल्लं आजही वर्णनाविना आहेत. उडणारा चतुर ओळखता येतो, पण त्याची कात समोर असूनही ती त्याचीच हे सांगता येत नाही. ही जोडी जुळवायची संधी पहाटे मिळते. बरेच चतुर रात्री बाहेर येतात आणि पंख वाळेपर्यंत आपल्याच कातेला किंवा तिच्या शेजारी लटकून राहतात. तेव्हा दोघांचा एकत्र फोटो घ्यावा. चतुराला हात लावू नये, ओले पंख एकदा वाकले की कायमचे वाकतात. तो उडून गेल्यावर कात डबीत ठेवावी आणि वर जागा, तारीख आणि फोटोचा क्रमांक लिहावा.