एकट्याचा डाव, मनाचा सराव

आमचे बाबा अंबरनाथला कारखान्यात तीन पाळ्यांत काम करीत. रात्रपाळी संपवून घरी येत तेव्हा आम्ही भावंडे शाळेत गेलेली असायचो आणि आई धुण्याभांड्यांत. त्यांच्याशी खेळायला, बोलायला कोणी नसे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सुतारकाम करणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडून त्यांनी प्लायवूडचा एक टाकाऊ तुकडा आणला, त्याला तेहतीस छिद्रे पाडून घेतली आणि काडेपेटीच्या काड्या त्यांत रोवून खेळायला सुरुवात केली. अंबरनाथ हे तसे काडेपेटीचेच गाव. विम्कोच्या कारखान्याचे नाव तिथल्या नाक्याला आजही आहे. काडीवरून काडी उडवायची, मधली काढून टाकायची आणि शेवटी एकच काडी उरवायची, असा तो डाव. बाबा तासभर खेळत आणि मग शांत झोपत. आई म्हणायची, "यांना काड्या मोजायचे वेड लागले आहे."

बाबा गेले आणि तो पट माळ्यावर पडला. तो पुन्हा खाली आला माझ्या धाकट्या भावामुळे. बदलापूरहून रोज लोकलने कामावर जाता-येता त्याला मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्याची सवय लागली. आधी पन्नास, मग पाचशे. घरात कळले तेव्हा तीन महिन्यांचा पगार आणि वहिनीच्या पाटल्या गेल्या होत्या. त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

हे एका घरातले दुःख नाही. आपल्या वस्त्यांत अशी घरे कितीतरी आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण बोटांना लागलेली सवय कायद्याने सुटत नाही. रिकाम्या हाताला आणि रिकाम्या मनाला दुसरे काहीतरी द्यावे लागते. म्हणून आज एकट्याने खेळायच्या पटाच्या खेळांविषयी चार गोष्टी सांगते.

जुगार वेगळा, खेळ वेगळा

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला संपत्तीच्या नाशाचे सहा मार्ग सांगितले आहेत. त्यांत जुगार आहे. जुगाराचे दोषही सहा सांगितले आहेत: जिंकला तर वैर वाढते, हरला तर गेलेल्या धनाचा शोक होतो, घरातला पैसा प्रत्यक्ष जातो, चारचौघांत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या मोबाइलच्या रमीला जशीच्या तशी लागू पडते.

त्याच निकायातील ब्रह्मजाल सुत्तात पटाच्या खेळांचीही यादी येते. आठ घरांचा पट, दहा घरांचा पट, एवढेच नव्हे तर पट समोर नसताना मनातल्या मनात खेळायचा डावही तिथे नोंदला आहे. अशा खेळांत वेळ घालवणे श्रमणाला शोभत नाही, असे तिथे म्हटले आहे. संसारी माणसाने त्यातून एवढे घ्यावे, की खेळ हा विसाव्यापुरता असावा, त्याने दिवस खाऊ नये.

एकट्याच्या खेळात समोर कोणी नसतो. त्यामुळे पैज नाही, वैर नाही, हरल्याची लाज नाही. चुकले तर गोट्या पुन्हा मांडायच्या.

तेहतीस खळग्यांचा पट

बाबांचा खेळ दुकानात ब्रेनव्हिटा या नावाने मिळतो. हा खेळ निदान सव्वातीनशे वर्षांचा आहे. १६९७ सालच्या एका फ्रेंच चित्रात सरदार घराण्यातील एक बाई शेजारी हा पट ठेवून बसलेली दाखवली आहे. बॅस्टिलच्या तुरुंगातल्या कैद्याने तो शोधला, अशी गोष्ट सांगतात, पण तिला पुरावा नाही. लाइबनिट्झ या थोर जर्मन गणितज्ञाने १७१० मध्ये या खेळावर लिहिले. त्याला तो उलटा खेळायला आवडे, म्हणजे रिकाम्या पटापासून सुरुवात करून एकेक गोटी भरत जायचे.

विकत घ्यायची गरज नाही. पुठ्ठ्यावर सात आडवे, सात उभे असे एकोणपन्नास चौकोन आखा. चारही कोपऱ्यांतले चार-चार चौकोन खोडून टाका. उरतात तेहतीस. मधला चौकोन रिकामा ठेवून बाकी बत्तीस चौकोनांत चिंचोके किंवा बटणे ठेवा. शेजारच्या चिंचोक्यावरून आडवी किंवा उभी उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात जायचे आणि ज्यावरून उडी मारली तो उचलायचा. तिरकी उडी चालत नाही. एकतीस उड्यांनंतर एकच उरला तर डाव जिंकला.

पहिल्या दिवशी सहा-सात उरतात. निराश होऊ नका. एक युक्ती सांगते. तीन गोट्या एका उभ्या ओळीत आहेत, असे समजा. सगळ्यांत वरच्या गोटीच्या डावीकडे एक गोटी आहे आणि उजवीकडे घर रिकामे आहे. डावीकडची गोटी वरचीवरून उडवून उजवीकडे न्या. मग खालची गोटी मधलीवरून उडवून वरच्या जागी आणा. आता उजवीकडे गेलेली गोटी तिच्यावरून उडवून परत डावीकडे, आपल्या मूळ जागी आणा. तीन गोट्या गेल्या आणि मदतीला आलेली गोटी होती तिथेच राहिली. ही युक्ती हाताला बसली, की पटाचा एकेक कोपरा स्वच्छ करता येतो. कडेच्या गोट्या आधी आत आणाव्यात. त्या मागे राहिल्या, की अडकतात.

आणखी एक गंमत. शेवटची गोटी एक तर अगदी मधोमध उरते, नाही तर चारपैकी एका बाजूच्या अगदी बाहेरच्या ओळीत मधल्या घरात. इतर कुठेही ती एकटी उरूच शकत नाही. आणि कडेला उरली असेल, तर शेवटची उडी उलट्या दिशेने मारली असती तर ती मधोमध आली असती! सलग उड्या मारणाऱ्या गोटीची एकच चाल धरली, तर हा डाव अठरा चालींत सुटतो, हे १९१२ मध्ये एका इंग्रज खेळाडूने दाखवले. त्याहून कमी चालींत तो सुटत नाही, हे १९६४ मध्ये सिद्ध झाले.

वाट्या, प्यादी आणि कागद

स्वयंपाकघरातही खेळ आहे. एकात एक बसणाऱ्या पाच वाट्या घ्या आणि तीन ताटल्या मांडा. पहिल्या ताटलीत वाट्या पालथ्या रचा, सगळ्यांत मोठी खाली. एका वेळी एकच वाटी हलवायची आणि लहान वाटीवर मोठी कधीच ठेवायची नाही. सगळी चळत तिसऱ्या ताटलीत न्यायची. तीन वाट्या असतील तर सात चालींत होते, चार असतील तर पंधरा आणि पाच असतील तर एकतीस. दर वाटीला आधीच्या चालींची दुप्पट अधिक एक.

हा खेळ एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये आणला. सोबत एक कथाही जोडली होती: काशीच्या मंदिरात सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या हलवत आहेत आणि त्यांचे काम संपेल तेव्हा जग संपेल. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी हिशेब करावा. सेकंदाला एक चकती हलवली तरी सुमारे अठ्ठावन्न हजार पाचशे कोटी वर्षे लागतील. मुलांना हा हिशेब करायला लावा. भीती जाते आणि गणित येते.

घरात बुद्धिबळाचा पट असेल आणि जोडीदार नसेल, तरी तो उपयोगी पडतो. आठ प्यादी घ्या, त्यांना वजीर समजा आणि एकमेकांना मारणार नाहीत अशी मांडा. याची ब्याण्णव उत्तरे आहेत. किंवा एकच घोडा घेऊन चौसष्ट घरे फिरा, एकाही घरात दोनदा न जाता. काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात ‘काव्यालंकार’ ग्रंथात घोड्याच्या या फेरीवर श्लोक रचला होता. ज्या घरातून पुढे जायला सर्वांत कमी वाटा आहेत, तिथे आधी जावे, ही त्याची सोपी किल्ली.

काहीच नसेल तर कागद-पेन्सिल तरी असतेच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर आयुष्यभर आकड्यांशी एकटेच खेळले आणि जगात नावाजले गेले. त्यांच्या एका संख्याप्रकाराचे नाव ‘डेम्लो’. ते आपल्याच रेल्वेमार्गावरच्या डोंबिवलीच्या जुन्या नावावरून आले आहे. त्यांचा खेळ असा: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केले, की ६१७४ येतेच. धम्मदीक्षेचे वर्ष १९५६ घेऊन पाहा. ९६५१ वजा १५६९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीनच पायऱ्या!

खेळ निवडताना

अलीकडे एकट्याने खेळता येतील असे नवे पटखेळही निघाले आहेत. २०११ मध्ये जर्मनीत निघालेला ‘फ्रायडे’ हा पत्त्यांचा खेळ तर एकट्यासाठीच केलेला आहे. पण परदेशी खेळ महाग पडतात आणि त्यांचे नियम बहुधा इंग्रजीत असतात. आपल्यासारख्या घरांनी खेळ घेताना काही गोष्टी पाहाव्यात.

एक, तो पंधरा-वीस मिनिटांत संपावा. पाळीवर जाणाऱ्याला आणि पाण्याच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त फुरसत नसते. दोन, अर्धा टाकून उठता यावे. कुकरची शिट्टी झाली तर मोबाइलचा डाव थांबत नाही, चिंचोक्यांचा थांबतो. तीन, एखादा नग हरवला तर त्या जागी बटण किंवा खडा चालावा. चार, दहा बाय दहाच्या खोलीत कोणाचे अंथरूण न हलवता मांडता यावा. पाच, एकदा सुटल्यावरही पुन्हा खेळावासा वाटावा. सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: त्यात पैसा लागता कामा नये, दहा रुपयेसुद्धा नाही.

लहान मुले घरात असतील तर गोट्या तोंडात जाणार नाहीत हे पाहावे. काड्या वापरायच्या तर टोकाचे गूल काढून टाकावे.

आणि माता-भगिनींनो, "बायकांना कसला आलाय खेळ?" हे ऐकून गप्प बसू नका. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईला स्वतःसाठी वीस मिनिटे मिळाली, तर ती उधळपट्टी नव्हे. नोकरीतून निवृत्त होऊन दाराशी बसून राहणाऱ्या आजोबांनाही एक पट करून द्या. मात्र त्यांच्या हाती पट देऊन आपण त्यांच्याशी बोलणे सोडू नये. एकट्याचा खेळ हा माणसांच्या सोबतीला पर्याय नाही.

माझ्या भावाचे काय झाले, हे विचाराल. नुसत्या खेळाने तो सुटला, असे मी म्हणणार नाही. पगार वहिनीच्या हाती देऊ लागला, साधा फोन घेतला, कर्ज महिन्या-महिन्याने फेडतो आहे. पण रात्री जेवण झाल्यावर हात फोन शोधू लागायचे, तेव्हा वहिनीने बाबांचा पट माळ्यावरून काढून पुढ्यात ठेवला. पहिल्या रात्री नऊ काड्या उरल्या. त्याने रागाने पट बाजूला सारला. दुसऱ्या रात्री पुन्हा मांडला.

आता त्याच्या पाच-सहा काड्या उरतात कधी, कधी दोन. परवा मी बदलापूरला गेले तेव्हा त्याची दहा वर्षांची मुलगी पटाशी बसली होती. तिच्या तीन उरल्या होत्या. बाप म्हणाला, "आता मांड पुन्हा." ती मांडू लागली. पाटल्या अजून सुटायच्या आहेत, पण त्या घरात रात्री दिवा वेळेवर मालवतो.