फटका लांबला, कारकीर्द आखडली?

गोल्फ म्हणजे निवृत्त साहेबांनी संध्याकाळी खेळायचा निवांत खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. व्यावसायिक गोल्फपटूला मात्र हल्ली पहिलवानासारखे शरीर कमवावे लागते. अमेरिकेच्या पीजीए टूरवर १९८० साली लांब फटक्याची सरासरी सुमारे २५७ यार्ड होती. २०२३ साली ती ३०० यार्डांच्या घरात पोहोचली. यात नव्या बनावटीच्या स्टिक आणि चेंडूंचा वाटा आहे, तसाच व्यायामशाळेतल्या घामाचाही.

पिळाची किंमत

जॅक निकलॉस फटका मारताना डावी टाच उचलत असे. त्यामुळे खांद्यांबरोबर कंबरही मोकळेपणी वळे. १९८६ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली. आधुनिक पद्धतीत कंबर कमी आणि खांदे जास्त वळवतात. स्प्रिंग पिळून सोडावी तसा फटका सुटतो. पण त्याचा ताण सोसावा लागतो तो कमरेच्या मणक्यांना आणि पुढच्या गुडघ्याला.

टायगर वुड्सने १९९७ मध्ये अवघ्या २१व्या वर्षी १२ फटक्यांच्या फरकाने मास्टर्स जिंकली. पुढे गुडघ्यावर आणि पाठीवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये पाठीचे मणके जोडावे लागले. २०१९ मध्ये, ४३व्या वर्षी, तो पुन्हा मास्टर्स जिंकला खरा, पण ऐन उमेदीची कितीतरी वर्षे दुखण्यात गेली.

व्यायाम शत्रू नव्हे

म्हणून व्यायामालाच दोष द्यायचा का? गोल्फपटूने वजने उचलू नयेत असे मानले जाई, त्या काळात गॅरी प्लेअर नियमाने वजने उचलत होता. १९७८ मध्ये ४२व्या वर्षी त्याने मास्टर्स जिंकली. फिल मिकेलसन तर २०२१ मध्ये पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिपचा विजेता ठरला.

२०२० च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी २७ वर्षांचा ब्रायसन डिशॅम्बो आणि ६३ वर्षांचा बर्नहार्ड लांगर एकत्र खेळले. वजन आणि ताकद वाढवून डिशॅम्बोने त्याच वर्षी यू.एस. ओपन जिंकली होती. लांगरचा चेंडू त्याच्यापेक्षा कितीतरी मागे पडत होता. तरी स्पर्धेअखेर लांगरच एका फटक्याने पुढे राहिला.

ताकद हवीच, पण सांधे लवचीक राहतील आणि शरीराला विसावा मिळेल, अशा बेताने. लांब फटका एखादी स्पर्धा जिंकून देईल. वीस-तीस वर्षे मैदानावर टिकायचे, तर कंबर शाबूत हवी.